न उडालेला बार

धुरळा अजून खाली बसला नव्हता, तोच रिकाम्या घागरी घेऊन बायका विहिरीच्या काठाशी आल्या. कंत्राटदार अमृतराव त्यांच्यावर खेकसले, "मागं सरा आधी!"

सुरुंगाच्या चार वाती पेटवल्या होत्या. आवाज तीनच आले.

"दोन बार एकदमच उडाले असतील," सरपंच व्यंकटराव म्हणाले. "उतरवा गडी. जिल्हा नवा, साहेब नवा. सकाळी यायलाय बघायला. खडक तसाच दिसला तर काम दुसऱ्याला देतो म्हणलाय."

एकदम उडाले असतील! अमृतरावांना ते खरं मानायचं होतं. सुरुंगवाले तेलंगी गडी दुष्काळात निघून गेले, तेव्हा त्यांनी रेणापूर गावातल्याच तिघांना हे काम शिकवलं. शिकतील आणि तुमच्याच पोटावर पाय देतील, असं रेणापुरातले लोक म्हणाले होते. आता काम गेलं, तर चौघांच्याही चुली विझणार होत्या. शिर सलामत तर पगडी पचास, हे खरंच. पण पगडीच जायची वेळ आली की शिराचं कोण बघतं?

"निवृत्ती, उतर," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

त्या तिघांतला निवृत्ती दोराच्या वेटोळ्यावर बसून राहिला. "उद्या उजाडेपर्यंत न्हाई, मालक. चौथा बार अजून खाली जिता असंल."

"भ्याला व्हय रे?" गर्दीतून कुणीतरी हसलं.

अमृतरावांच्या डोक्यात तिडीक गेली. "ऊठ. दोर दे. मीच उतरतो."

खाली काळोख होता. तरी त्यांनी दोर ओढला. निवृत्तीने बसल्याबसल्याच त्यांचं मनगट धरलं. वाड्यावर पाणीसुद्धा लांबून पिणारा निवृत्ती. मालकाच्या अंगाला त्याने आजवर हात लावला नव्हता.

"सोड."

"न्हाई सोडत. लई भेव वाटायलंय मला, खोटं कशाला बोलू? पर तुमीच म्हनला व्हता, ज्याला भेव न्हाई त्याच्या हाती वात द्यायची न्हाई."

अमृतरावांनी मनगट सोडवून घेतलं नाही.

व्यंकटरावांनी वैतागून उरलेल्या दोघांना हाक मारली. भुजंग आणि पंढरी पुढे आले. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि निवृत्तीशेजारी दोरावर बसले.

निवृत्ती जरासा सरकला. "बसा, मालक," तो म्हणाला.