जतच्या माळावरचा धाविक

दुर्मीळ झालेला धाविक पक्षी जतच्या माळावर अंड्यांवर बसलाय, अशी बातमी लागताच ताहेराने नवऱ्याला, लियाकतला, गाडी काढायला लावली. आजवर तिने पक्षी बघायचे आणि त्याने गाडीत पेंगायचं, असंच चालत आलेलं. पण माळाचे मालक जोतीराम आडवे आले. "गाडी हितंच ठेवा. चालत जावा, त्येबी एकानंच. गर्दी झाली की पाखरू अंड्यावरनं उठतंय."

ताहेराचा गुडघा सुजलेला. दगडगोट्यांतून तेवढं चालणं तिला शक्यच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिने दुर्बीण लियाकतच्या गळ्यात घातली. "तुम्ही तरी बघून या. जमलं तर मोबाईलवर फोटो काढा."

तो परतला तो घामाने निथळतच. "अगं, ते बसलेलं नाहीच! अंड्यांवर सावली धरून उभंय. चोच वासून धापा टाकतंय, पण हलत नाही. मग दुसरं आलं, जोडीदार असणार. ते येऊन उभं राहिलं, तेव्हा कुठं पहिलं बाजूला झालं..."

लियाकत हातवारे करत सांगत राहिला. उभ्या संसारात तो एवढं सलग कधी बोलला नव्हता. फोटोचं विचारायचं ताहेराच्या ध्यानातच राहिलं नाही.

"मग?" म्हणत तिने सरकून त्याला शेजारी जागा केली.