दोन किलोंचा फरक

नर्सने कागदावरचं नाव पुकारलं, तरी ती बाकावरून उठली नाही. त्या नावाने तिला कुणी हाक मारून वर्षं झाली होती. शेवटी दादानेच कोपराने ढोसलं.

"ऊठ पिंपू, तुझाच नंबर."

बाजारात या भाऊबहिणीचं शिवणाचं दुकान होतं. घरं दोन गल्ल्यांत, दुकान एक. तो कापायचा, ती शिवायची. दवाखान्यात मोफत तपासणी आहे असं कळलं, तसा 'फुकट ते पौष्टिक' म्हणत दुकानाला दोन तास कुलूप लावून तो तिलाही घेऊन आला होता.

काट्यावर तो चौऱ्याण्णव किलो भरला, ती ब्याण्णव.

"दोन किलोंनी मीच पुढे!" त्याने पोटावरून हात फिरवला. "खात्यापित्या घरचे आहोत सिस्टर. गिऱ्हाइकं मला शेठ म्हणतात ती उगाच नाही. आणि हिला पिंपूताई."

नर्स हसली. रांगेतले दोघंतिघंही हसले. सवयीने तीही हसली.

मग बोटातून रक्त घेतलं, दंडाला पट्टा बांधला. नर्सने दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. "शेठ, तुमची साखर वाढलीय. प्रेशरही. हसण्यावारी नेऊ नका, उद्याच डॉक्टरांना भेटा." मग तिच्याकडे वळून म्हणाली, "तुमचं मात्र सगळं ठणठणीत आहे हं, ताई."

"पिंप लोखंडी आहे," दादा म्हणाला.

नर्सने दुसरा कागद पुढे ओढला. "आता जरा रोजच्या जगण्याबद्दल विचारते. उत्तरं तीनच. कधीच नाही, अधूनमधून, नेहमी."

दादाचा कागद चुटकीसरशी उरकला. जिना चढताना दम? अधूनमधून. फोटो काढून घ्यायला संकोच? "मला? मी मधोमध उभा राहतो." चारचौघांत जेवताना? कधीच नाही. कपडे घालताना? "कंबर वाढली की विजार हिच्यापुढे टाकायची. शिवण उसवून सैल करून देते. झालं!"

तिची पाळी आली. जिना? कधीच नाही. गुडघे? कधीच नाही. फोटो?

"नेहमी."

चारचौघांत जेवताना? नेहमी. कपडे घालताना? नेहमी. दुकानात दादाने सांगितलेली मापं वहीत उतरवताना ती ज्या आवाजात पुन्हा म्हणायची, छाती अडतीस, बाही तेवीस, तोच हा आवाज होता. वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

दादाचं हसू ओसरलं. "अगं, म्हणजे कुणाकडे जेवायला बोलावलं की येत नाहीस, ते यापायी?"

"हो."

"तू तर म्हणायचीस काम आहे."

"काम असायचंच."

नर्सने पुढचा प्रश्न वाचला. "वजनावरून कुणी चिडवतं? टोमणे मारतं?"

"कोण?" दादा खुर्चीतून अर्धा उठला. "नाव सांग तू फक्त. दुकानाची पायरी चढू देणार नाही त्याला!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखर चिडला होता. कानशिलं लाल झाली होती.

"तू, दादा."

तो तसाच अर्धवट उभा राहिला. "मी? अगं, ते तर लाडाने…" त्याने नर्सकडे पाहिलं, मग रांगेकडे. या वेळी कुणी हसलं नाही. तो हळूच खाली बसला.

नर्सचं पेन कागदावर अडून राहिलं होतं. रकाना तर भरायलाच हवा होता. "अधूनमधून," नर्सने आवाज खाली आणून विचारलं, "की नेहमी?"

ती आठवू लागली. उगाच कुणावर आळ नको, म्हणून नीट आठवून पाहिलं.

"सोमवारी नाही," ती म्हणाली. "सोमवारी दुकान बंद असतं."