शेवटची चढाई

पैज लावणाऱ्यांसाठीचा अंदाज भैरूने सामन्याआधी मोबाइलवर वाचला. खेळाडूंच्या संगणकी प्रतिकृती हाच कबड्डीचा सामना लाखो वेळा खेळल्या होत्या आणि निष्कर्ष निघाला होता: ‘शेवटच्या चढाईत भैरू-इंद्रजित जोडीतला एक जण दुसऱ्याला एकटं सोडेल.’

शाळेपासूनचा दोस्त, आणि हा दगा देणार? भैरू त्याच्याशी बोललाच नाही.

शेवटच्या चढाईत चढाईपटूचा घोटा भैरूच्या हाताशी आला. इंद्रजित काही येत नाही, मग आपणच कशाला मरायचं, म्हणून त्याने हात मागे घेतला.

इंद्रजित मात्र झेपावला होता. एकटाच. चढाईपटूने त्याला मधल्या रेषेपर्यंत फरफटत नेलं. सामना गेला.

“अंदाज मीपण वाचला होता, भैऱ्या,” खांदा धरून उठत इंद्रजित म्हणाला. “म्हटलं, मशीनला काय कळतंय आपलं.”