एकसष्ट चेंडू

"काठी आज परत करायचीच म्हणतोस ना? कर बाबा. पण आधी माझ्यासाठी टाळ्या वाजव," ग्रेडी म्हणाला आणि संघाच्या मोसमअखेरच्या मेजवानीतल्या पास्त्यावर तुटून पडला.

वेस्लीने शाळेची लॅक्रॉसची, टोकाला चेंडू उचलायची जाळी असलेली काठी खुर्चीखाली सरकवली. जेवण झालं की ती कोचच्या हातात द्यायची आणि खेळाला रामराम ठोकायचा, हे त्याचं ठरलं होतं. जमिनीवर पडलेले चेंडू कोणी किती उचलले, त्याची वही असते. अख्ख्या मोसमात वेस्लीच्या नावावर तीन होते. ग्रेडीचे एकसष्ट.

भिंतीवर ब्रेंडन लॅफर्टीचा लष्करी वेषातला फोटो होता. याच संघात खेळलेला, अफगाणिस्तानात धारातीर्थी पडलेला. त्याच्या नावाचा पुरस्कार सर्वांत जास्त चेंडू उचलणाऱ्याला मिळे आणि तो द्यायला त्याची आई दरवर्षी येई.

यंदा लॅफर्टीबाई मंचावर गेल्याच नाहीत. सरळ पोरांच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"तू किती उचललेस रे?"

"तीन, मॅडम." वेस्लीचे कान तापले.

"आणि बाकीचा वेळ? झोपा काढल्यास?"

ग्रेडी फिसकन हसला. "याला ओरडायची घाई, मॅडम! चेंडू पडला रे पडला, की हा 'माणूस माझा' म्हणून मोकळा. मग हा जाऊन समोरच्याला धडकतो आणि चेंडू मी उचलतो."

"दर वेळी?"

"जवळजवळ," वेस्ली म्हणाला.

"लागत नाही?"

"लागतं की. पण वहीत त्याचा रकाना नाही. मी काही कामाचा नाही, मॅडम. काठी परत करतोय आज."

बाई पुरस्काराची ढाल घ्यायला उठल्या. नाव पुकारलं गेलं ते ग्रेडीचंच. बाईंनी त्याच्या हातात ढाल दिली, गालावर थोपटलं. ब्रेंडनसारखी चेंडूवर झडप घालायला शिका, असं कोचनी सगळ्यांना बजावलं. वेस्लीने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. दोस्ताचा त्याला खरंच अभिमान वाटत होता आणि स्वतःची लाज. तो काठी घेऊन उठला.

लॅफर्टीबाईंनी वाटेतच त्याचा दंड धरला.

"कोच नवे आहेत, ब्रेंडन कसा खेळायचा ते त्यांना ठाऊक नाही. शाळेनं पुरस्कार चेंडूंना लावला, कारण चेंडू मोजता येतात," त्या म्हणाल्या. "काठी घरी ने. पुढच्या वर्षी आणखी एकच उचल, म्हणजे माझ्या ब्रेंडनच्या शाळेतल्या चारही वर्षांच्या एकूण आकड्याची बरोबरी होईल."