टुकुरटुईचं दुसरं कडवं

“आईतवारपातुर तुमच्या तोंडातनं ‘टुकुरटुई’ निघालं न्हाय, तर ही कॅसेट माज्या हातानं कॅनॉलात टाकतो, बाजीराव!”

जोतीराम बोलून गेला आणि त्यानं कॅसेट छातीशी घट्ट धरली.

‘टुकुरटुई टुकुरटुई, दिल मेरा छुईमुई’ म्हणजे त्याचा जीव की प्राण. लिली सिक्वेराचं ते पहिलंवहिलं गाणं. पुढं ती लई मोठी झाली, डोळे मिटून गंभीर गाणी म्हणायला लागली. पण जोतीरामला हवी होती ती तेव्हाची फटाकडी लिली, गाता गाता मध्येच फिस्सकन हसणारी. बारामतीच्या बाजारातनं आणलेली ती कॅसेट आता शोधूनही मिळत नव्हती. एकदा ती टेपात गुंतली आणि दुसरं कडवं सगळं चावलं गेलं. जोतीरामनं तेवढा तुकडा कापला, पोरीच्या नेलपॉलिशनं जोड दिला आणि उरलेलं एकच कडवं दुप्पट जोरात वाजवायला लागला. भिंतीपलीकडं बाजीराव राहायचे. साखर कारखान्यात टाइमकीपर. कडक इस्त्री, त्याहून कडक मिशी.

“ह्याला गाणं म्हंत्यात व्हय रं जोत्या? मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावानी वरडती!” बाजीरावांनी मिशीवर हात फिरवला. “लागली पैज. मी हरलो तर डेअरीपुढं उभा राहून गाईन. समद्या पणदरे गावादेखत!”

जोतीरामनं काय कमी खोड्या केल्या? टेप भिंतीवर ठेवला. लग्नात बँडवाल्याला चहा पाजून, बाजीराव मांडवात शिरताना नेमकं तेच वाजवायला लावलं. गल्लीतली पोरं त्यांच्या सायकलीमागं ‘टुकुरटुई’ करत पळवली. अख्खं गाव गुणगुणायला लागलं, शाळेतले गुरुजीसुद्धा. बाजीराव तेवढे ओठ शिवल्यासारखे फिरत होते.

आईतवारी सकाळी डेअरीपुढं जत्रा. कॅन घेऊन आलेली माणसं दूध घालून झालं तरी घरी जाईनात. जोतीराम टेप काखेत आणि तोंड पाडून उभा. समोर कॅनॉल वाहत होता.

“चला,” बाजीराव म्हणाले. “टाका लिलीबाईला पाण्यात.”

जोतीरामनं कॅसेट शेवटची वाजवायला घेतली. तेवढ्यात गर्दी फाटली. बाजीरावांची बायको चतुराबाई म्हैस ओढत येत होती. दुसऱ्या हातात रिकामी बादली.

“पैज गेली खड्ड्यात!” ती कडाडली. “पैज लागल्यापासनं म्हैस पान्हा चोरतीया. घरात काळा च्या पितोय आमी. डॉक्टर म्हणला, म्हैस ठणठणीत हाय. आसनारच! रोज धार काढताना ह्यांनी तिला ते टुकुरटुई गाऊन सवय लावली. आता गाण्याबिगर ती आचळाला हात लावू देत न्हाय!”

डेअरीपुढं एकच हशा. बाजीरावांची मिशी खाली आली.

जोतीराम तर हवेतच. “थांबा वैनी, हे बघा!” म्हणत त्यानं आवाज मोठा केला आणि टेप म्हशीच्या कानाशी धरला. म्हशीनं लाथ झाडली. बादली गडगडत कॅनॉलाच्या काठापर्यंत गेली.

“टेप नगं, भावजी. तिला ह्यांचाच आवाज लागतो.”

बाजीरावांनी चौफेर बघितलं. मग इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बादली आणली, उकिडवे बसले आणि म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं. बारीक, नाजूक आवाज निघाला. टुकुरटुई टुकुरटुई! लिली जिथं हसते तिथं फिस्सकन हसलेसुद्धा. म्हशीनं डोळे अर्धे मिटले. धार बादलीत ठेक्यावर पडायला लागली, चुर्र चुर्र, चुर्र चुर्र. शिट्ट्या, टाळ्या, कॅनवर ताल! जोतीराम टेपातनं कॅसेट काढून ती डोक्यावर धरून गरागरा नाचत होता.

कडवं संपलं. सवयीनं जोतीराम थांबला.

बाजीराव थांबले नाहीत. डोळे मिटून ते पुढचं गायला लागले. सगळंच्या सगळं दुसरं कडवं, एक शब्द न चुकता.

जोतीरामनं हातातल्या कॅसेटकडं बघितलं. मग तो हळूच म्हशीपलीकडनं वाकला.

“बाजीराव, तुमची कॅसेट कुठं दडवलीया?”

“पेंडीच्या पोत्यात,” चतुराबाई म्हणाली. “एक न्हाय, दोन हायत्या.”