बाटलीतलं फ्लोराइड

यंत्र पुन्हा शून्यच दाखवत होतं. शिक्षकांच्या या पाणी-तपासणी शिबिरात ज्याची तपासणी अचूक, त्याच्या कॉलेजला हे फ्लोराइड मोजायचं यंत्र मिळणार होतं. प्रांजलीच्या वर्गात तर निम्म्या मुलांचे दात फ्लोराइडने पिवळे पडले होते.

"बाटलीतल्या विहिरीच्या पाण्यात शून्य?" शेजारचे घोडमारे सर हसले. "अहो मॅडम, सगळ्यांचं दीड मिलिग्रॅम आलंय. शिबिराच्या पुस्तकातही या विहिरीचं दीडच आहे. लिहून टाका!"

प्रांजलीने पेन उचललं, खाली ठेवलं आणि प्रशिक्षक उईके बाईंना शून्यच सांगितलं.

"बरोबर!" बाई म्हणाल्या. "बाटल्यांत मी विहिरीचं नाही, डिस्टिल्ड वॉटर भरलं होतं. यंत्र यांच्या कॉलेजला."

घोडमारे सर ताडकन उठले. "बाई, माझंही आधी शून्यच आलं होतं! मग मी ते दुरुस्त केलं."