चुलीचा दगड

"एकही रेघ नाही!" सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढत मृण्मयी पुटपुटली.

ग्रॅनाइट निवला की त्याच्या खनिजात लाखो वर्षं बारीक रेघा साठत जातात. पुन्हा तापला की त्या पुसल्या जातात. त्या मोजून हिमालयातला एक कडा कधी निवला, हे तिला प्रबंधात मांडायचं होतं. बाकीचे दगड तीस लाख वर्षं सांगत होते. हा सतरावा मात्र कोरा करकरीत.

"दगड कुठला ते सरांच्या डायरीत बघ की," शेजारचा तन्वीर म्हणाला.

दगड गोळा करायच्या दिवशी कडा चढायचा तिने कंटाळा केला होता. तंबूजवळ हाताला लागला तो दगड पिशवीत टाकून 'कड्यावरचाच' असं सरांना ठोकून दिलं होतं. आता सरांना जाऊन दोन महिने झाले होते.

तिने डायरी उघडली. सरांचं तिरकं अक्षर :

'सतरावा. माझ्या चुलीचा दगड. काल याच्यावरच हिला पिठलं रांधून घातलं. बोललो नाही. रेघा मोजल्या की आपणहून येईल सांगायला.'

डायरी मिटून ती उठली, आणि सवयीने सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलीसुद्धा.